ध्वनींची नमुनावही

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात गिऱ्हाईक दोन तऱ्हांनी माल मागते. परगावचा मुरलेला व्यापारी गादीवर बसतो, चहाचा पेला हाती घेतो आणि मालाचे नाव व डिझाइनचा क्रमांक सांगतो. गुमास्ता तो गठ्ठा काढून पुढे टाकतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाजवळ क्रमांक नसतो. ते बरोबर आणलेली चिंधी दाखविते आणि म्हणते, ‘असेच हवे, पण रंग थोडा गडद आणि पोत जरा हलका.’ पहिल्याचे काम यादीने भागते. दुसऱ्यासाठी दुकानदाराला आपला डोळा आणि आपली स्मरणशक्ती खर्ची घालावी लागते. नमुन्यांचा साठा कापडाचा असो की धान्याचा, त्यात शिरण्याच्या मोठ्या वाटा ह्या दोनच: एक नावाची आणि दुसरी सारखेपणाची.

ह्याच शहरातील वादक आणि ध्वनिमुद्रक यांच्यापुढे आज तोच प्रश्न ध्वनींच्या बाबतीत उभा आहे. नवरात्राच्या नऊ रात्री जेथे सारे शहर दोढियाच्या पावलांवर फिरते, तेथे ढोलाच्या जोडीला ऑक्टोपॅड असतो, कीबोर्ड असतो, आणि त्यांच्यामागे संगणकात साठविलेले हजारो ध्वनिनमुने असतात. व्यवसायात त्यांना ‘सँपल’ म्हणतात. ढोलाचा एक ठोका, झांजेची एक किणकिण, सनईचा एखादा लांबविलेला स्वर, किंवा सहा मात्रांच्या हींच तालाचे एक पूर्ण आवर्तन असे छोटे तुकडे मुद्रित करून ठेवायचे आणि नव्या गाण्यात हवे तेथे बसवायचे, अशी ही पद्धत आहे. तुकडे शंभर असेतोवर वादकाला ते तोंडपाठ असतात. ते दहा हजार झाले, की हवा तो ठोका आपल्याजवळ आहे हे ठाऊक असूनही सापडत नाही. मग कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, ही विचारपूस सुरू होते. ती विचारपूस बहुधा किंमत आणि दिसण्यापाशी संपते. वास्तविक तिला बराच जुना इतिहास आहे, आणि त्यातील काही पाने सुरतेची व सुरतेच्या आसपासची आहेत.

सुरतेला नमुन्यांचे महत्त्व इंग्रजांच्या वखारीपासून माहीत आहे. परंतु नमुन्यांची शास्त्रशुद्ध मांडणी म्हणजे काय, हे दाखविणारे उदाहरण त्यानंतर अडीचशे वर्षांनी लंडनमध्ये घडले. तेथील इंडिया म्युझियमचे प्रमुख जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली हिंदुस्थानी कापडाचे ७०० तुकडे कापून ते १८ खंडांत चिकटविले. अशा २० प्रती तयार झाल्या. १३ ब्रिटनमध्ये राहिल्या आणि ७ हिंदुस्थानात आल्या. वॉटसन यांची मांडणी विचार करण्याजोगी आहे. अंगावर न शिवता गुंडाळायचे वस्त्र कोणते आणि कापून शिवायचे कोणते, पागोट्याचे कोणते आणि लुगड्याचे कोणते, असा वापर त्यांनी आधी पाहिला. प्रत्येक तुकड्याजवळ मूळ वस्त्राची लांबी, रुंदी, वजन आणि ठिकाण लिहिले. वहीतला तुकडा वीतभर; पण चिठ्ठी वाचणाऱ्याला सबंध वस्त्र डोळ्यांपुढे आणता येई. हा खटाटोप हिंदी विणकरासाठी नव्हता. त्याचा ग्राहक काय नेसतो हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला कळावे, हा त्यामागचा उद्देश होता, आणि तो लपविलेलाही नव्हता. चिठ्ठीवर वजन आले, माप आले. ज्याने ते विणले त्याचे नाव आले नाही. उत्तम रचलेल्या नमुनावहीतही काय लिहावयाचे आणि काय गाळावयाचे हे रचणाऱ्याची गरज ठरविते, ही गोष्ट पुढील सर्व हकीकतीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्याच सुमारास सुरतेत एक माणूस अगदी निराळ्या वृत्तीने संग्रह करीत होता. कवी नर्मद यांचा ‘नर्मकोश’ १८७३ मध्ये पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला. पंचवीस हजारांहून अधिक शब्दांचा तो कोश हे एकट्या माणसाचे काम होते. मोल्सवर्थच्या कोशामागे पंडितांचा ताफा आणि सरकारी आश्रय होता हे ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहे, त्याला नर्मदांच्या श्रमाची कल्पना येईल. पण येथे त्यांच्या दुसऱ्या, कमी गाजलेल्या पुस्तकाचे प्रयोजन आहे. नागर स्त्रिया जी गीते गात, ती त्यांनी जमा करून १८७० मध्ये छापली. शब्द राहिले, गळा, ठेका आणि टाळीचा नाद राहिला नाही. तो राहणे शक्यही नव्हते. एडिसनचा फोनोग्राफ निघावयास अजून सात वर्षांचा अवकाश होता. ध्वनी पकडण्याचे साधनच नसल्यामुळे ध्वनीची वर्गवारी त्या काळी शब्दांच्या वर्गवारीत विरून जात असे.

साधन आले आणि नवीच अडचण उभी राहिली. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करू लागला. गौहरजान यांच्या त्या काळच्या तबकड्यांवर गाणे संपता संपता त्या स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारतात. अनेकांना तो गायिकेचा नखरा वाटतो. त्याचे कारण साधे व्यवहारी होते. मुद्रणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तेथे छापल्या जात. तेथील कामगारांना ना भाषा कळे ना गाणारी कोण हे समजे; तेव्हा नाव ध्वनीतच असले तर चिठ्ठी चुकण्याचा संभव कमी. कागद हरवेल, डबा बदलेल, पण तबकडीतून नाव कोणी पुसू शकणार नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आज कोणतेही सॉफ्टवेअर पारखताना प्रथम आठवावी अशी आहे.

ध्वनींची आपल्या बाजूने मोठी व्यवस्था लावली ती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेला हा वकील घराण्याघराण्यांतून चिजा गोळा करीत हिंदुस्थानभर हिंडला, उस्तादांची मनधरणी केली, क्वचित फोनोग्राफचीही मदत घेतली, आणि जमलेला पसारा दहा थाटांत बसविला. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग हे त्या श्रमाचे फळ. थाटपद्धतीवर टीका पुष्कळ झाली आणि तिच्यात तथ्यही आहे. पण टीकाकारांनाही आपला राग शोधताना थाटाचाच कप्पा उघडावा लागतो, हे विसरून चालत नाही. विशेष लक्षात घेण्यासारखी जोडी भूप आणि देशकार यांची. दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. केवळ स्वर मोजणाऱ्याने दोघांना एकाच खणात टाकले असते. भातखंडे यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावल थाटात. कारण भूपाचा जीव गंधारावर, देशकाराचा धैवतावर. एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. स्वरांची यादी एक असूनही चाल, वजन आणि वेळ निराळी. हा निर्णय मोजमापाचा नव्हता. जाणत्या कानाचा होता.

वर्गवारीचे तिसरे धडे ग्रंथालयांनी दिले. सुरतेहून काही तासांच्या वाटेवरील बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानच्या ग्रंथालयांची घडी बसविली. पुढे १९३३ मध्ये मद्रासच्या एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्या मुळाशी एक सोपा विचार आहे. एका पुस्तकाला अनेक बाजू असतात. विषय, वस्तू, क्रिया, स्थळ आणि काळ. ह्या बाजू अलग अलग नोंदवून त्यांची जुळणी करावी. फळीवर पुस्तक एकाच जागी राहणार, परंतु नोंद अनेक वाटांनी त्याच्यापर्यंत पोचवू शकते. संगणकावर फोल्डर करणारा माणूस फळी मांडत असतो. ‘ढोल’ ह्या फोल्डरात टाकलेला ठोका ‘हींच’मध्ये सापडत नाही, आणि ‘नवरात्र’मध्येही सापडत नाही. टॅग म्हणजेच खुणेचे शब्द लावणारे सॉफ्टवेअर रंगनाथनांच्या बाजूला उभे असते, मग ते लिहिणाऱ्याने त्यांचे नावही ऐकलेले नसो.

यंत्रांची कथा थोडक्यात सांगता येते. इंग्लंडात १९६३ मध्ये निघालेल्या मेलोट्रॉन ह्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक तुकडा असे आणि तो सुमारे आठ सेकंद वाजे. ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये तयार झालेल्या फेअरलाइटने फितीऐवजी आकडे साठविले; पण त्याची किंमत सामान्य वादकाच्या आवाक्यात नव्हती. १९८५ चा रोलंडचा ऑक्टोपॅड आणि १९८६ चा जपानचा अकाई एस-९०० यांनी ही विद्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या हाती दिली. त्या अकाईत नाव लिहावयास जागा दहा अक्षरांची. नमुने फ्लॉपीवर राहत, आणि खरी माहिती फ्लॉपीवर पेनाने लिहिलेल्या चिठ्ठीत असे. चिठ्ठी निघाली की नमुना अनाथ. १९९७ मध्ये युरोपीय प्रसारण संघाने ध्वनीच्या फाइलीतच वर्णन, मुद्रणकर्ता आणि दिनांक लिहिण्याची सोय ठरवून दिली, आणि १९९८ मध्ये आलेल्या ‘ॲसिड’ ह्या सॉफ्टवेअरने लूपची लय व पट्टी फाइलीतच नोंदविण्याचा प्रघात पाडला. गौहरजान यांची पुकार नव्या रूपाने परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यानंतर जे घडले ते खरोखर नवे आहे. सारखेपणाची वाट आजवर केवळ माणसाच्या कानाला खुली होती. आता संगणकही त्या वाटेने चालू लागला आहे. ध्वनीचे अगदी बारीक काप करावयाचे, प्रत्येक कापात खालच्या, मधल्या आणि वरच्या कंपनांत किती जोर आहे हे मोजावयाचे, आवाज किती झटकन चढतो व किती सावकाश विरतो हे टिपावयाचे, आणि अशा आकड्यांची एक ओळ प्रत्येक नमुन्याच्या नावावर मांडावयाची. ज्यांच्या ओळी जवळ ते ध्वनी सारखे. ‘सोनोनिम’ ह्या सॉफ्टवेअरला एक नमुना दाखविला, तर ते सबंध संग्रहातून त्याची भावंडे काढून देते. शिवाय नादाचा पोत, पट्टी, जोर यांपैकी कशाला किती महत्त्व द्यावयाचे हे शोधणाऱ्याला कमीजास्त करता येते. कापडबाजारातील ‘असेच, पण रंग गडद’ ही मागणी येथे अक्षरशः पुरी होते. स्वीडनमधील एका कंपनीने २०१९ मध्ये काढलेले ‘एक्सओ’ तालवाद्यांचे सुटे ठोके रंगीत ठिपक्यांच्या नकाशावर पसरते. जवळचे ठिपके जवळच्या आवाजाचे. मात्र ते ठोक्यांसाठी आहे, लांब लूपांसाठी नाही. २०२४ मध्ये आलेल्या ‘एबल्टन लाइव्ह’च्या बाराव्या आवृत्तीत सारखेपणाचा शोध रचनेच्या सॉफ्टवेअरमध्येच अंतर्भूत झाला. ज्याचे सारे काम त्याच एका सॉफ्टवेअरमध्ये चालते, त्याला वेगळ्या सोयीची निकड तेवढी भासणार नाही. ‘स्प्लाइस’ किंवा ‘लूपक्लाउड’ यांचा मुख्य व्यवसाय नमुने पुरविण्याचा आहे. त्यांच्याकडील शोधाची सोय चांगली असली, तरी ती दुकानाच्या मांडणीसारखी आहे. स्वतःच्या घरातील पेटाऱ्यासाठी ती कितपत उपयोगी, हे वापरून पाहिल्यावाचून ठरवू नये.

सुरतेच्या वादकाची अडचण ह्या नकाशावर लगेच दिसू लागते. अशा सॉफ्टवेअरांची तयार वर्गवारी बहुतेक पाश्चात्त्य ड्रमसेटावर बेतलेली असते. तिला किक, स्नेअर, हायहॅट, टॉम आणि टाळी हे कप्पे माहीत. ढोलाच्या धुमाचा आवाज ती किकमध्ये घालील, थापीचा टॉममध्ये, आणि झांज हायहॅटमध्ये. आकड्यांच्या दृष्टीने हे चूक नाही. परंतु ढोलाच्या दोन तोंडांचा परस्परसंबंध, हींच आणि केरवा यांतील ठोक्याचे वजन, ह्यांचा त्यात मागमूस राहत नाही. भूप आणि देशकार एका खणात गेले, तसा हा प्रकार झाला. एवढेच नव्हे, तर मिरवणुकीत टिपलेल्या संबळाच्या भोवती गर्दीचा गोंगाट असतो, आणि तो गोंगाटच आकड्यांवर प्रभुत्व गाजवितो. मग संबळाचे भावंड म्हणून यंत्र दुसरा एखादा गोंगाटच हजर करते. सारखेपणाची वाट झटपट आहे, पण ती नावाच्या वाटेची जागा घेऊ शकत नाही.

आणि नावे लिहिण्यासारखा ऐवज ह्या शहराभोवती विपुल आहे. तापीच्या काठाने आणि तापी व्हॅली रेल्वेच्या रुळांनी खानदेशचे लोक पिढ्यान् पिढ्या सुरतेत आले. लिंबायत, उधना, डिंडोली ह्या भागांत अहिराणी बोलली जाते, श्रावणात कानबाईची गाणी म्हटली जातात, लग्नात खानदेशी चालीचा बँड वाजतो. दक्षिणेला आणि पूर्वेला डांगच्या डोंगरांत पावरी आहे, वारल्यांच्या वस्तीत तारपा आहे. भोपळ्याच्या पोकळीला नळ्या जोडून केलेली ही वाद्ये फुंकणारा श्वास न तोडता रात्रभर नाच चालता ठेवतो. बाजारात विकत मिळणाऱ्या संग्रहांत अशा सर्व ध्वनींसाठी बहुधा एकच कप्पा असतो, ‘एथ्निक’ किंवा ‘वर्ल्ड’. जगातील निम्मी वाद्ये त्या एका शब्दाखाली दाटीवाटीने उभी असतात. पावरी ही जर ‘एथ्निक-विंड-शून्य-तीन’ ह्या नावाने साठविली गेली, तर दहा वर्षांनी ती पावरी होती हे तिच्या धन्यालाही सांगता येणार नाही. वॉटसन यांच्या वहीत निदान गावाचे नाव तरी होते.

म्हणून सॉफ्टवेअरची परीक्षा कोठून सुरू करावी, ह्याविषयी थोडा आग्रह धरणे योग्य होईल. ठिपक्यांचा नकाशा किती मोहक आहे हे नंतर पाहावे. आधी त्यात ‘पावरी’, ‘हींच’, ‘दोढिया’, ‘कानबाई’ असे शब्द देवनागरीत किंवा गुजराती लिपीत लिहून पाहावेत आणि ते शोधात सापडतात की नाही हे तपासावे. पुष्कळ सॉफ्टवेअरे खुणेचे शब्द स्वतःच्या खासगी नोंदवहीत ठेवतात. मूळ फाइल कोरीच राहते, आणि कंपनी बंद पडली किंवा संगणक बदलला, की वर्षानुवर्षांची मेहनत त्या वहीबरोबर जाते. याउलट चित्रपटांसाठी ध्वनिपरिणाम सांभाळणारे लोक ‘साउंडमायनर’सारखी साधने वापरतात, त्यांत वर्णन फाइलीच्या पोटातच लिहिता येते. त्याच व्यवसायातील काही जाणत्यांनी २०२० मध्ये एक सामायिक वर्गसूची सर्वांस खुली केली. तिच्यात वर्गाचे नाव फाइलीच्या नावाच्या आरंभीच येते. ही पद्धत दिसावयास रुक्ष आहे. पण कोणत्याही संगणकावर, कोणतेही सॉफ्टवेअर नसतानाही, नाव वाचता येते. लहान स्टुडिओला महाग साधन घेणे परवडत नसेल, तर विनामूल्य मिळणाऱ्या ‘कॉसमॉस’ किंवा ‘एडीएसआर सँपल मॅनेजर’ यांपैकी एखादे घेऊन नावे मात्र फाइलीवरच शिस्तीने लिहीत जाणे, हा मार्ग किती तरी श्रेयस्कर.

संशोधनाच्या बाजूने काही आशादायक कामे झाली आहेत. बार्सिलोनाच्या पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठातून २००५ पासून ‘फ्रीसाउंड’ हा सार्वजनिक ध्वनिसंग्रह चालतो. त्यात कोणीही नमुना घालावा, त्याचे वर्णन लिहावे, आणि सारखेपणानेही शोध घ्यावा. त्याच विद्यापीठाच्या पुढाकाराने २०११ ते २०१७ ह्या काळात ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प झाला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदालुसी आणि चिनी संगीताचे विश्लेषण त्या त्या परंपरेच्या संज्ञांनीच करावे, हे त्याचे सूत्र होते, आणि मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांचाही त्यात भाग होता. राग आणि ताल ह्यांना यंत्राच्या शब्दकोशात मानाचे स्थान मिळाले. लोकवाद्यांची पाळी अजून नीट आलेली नाही. ती यावयाची तर आधी कोणी तरी त्यांचे ध्वनी टिपून, नीट नाव घालून ठेवलेले असले पाहिजेत. जे यंत्राला शिकवावयाचे ते माणसाने लिहिलेले असावे लागते.

सुरतेत आणखी एका गोष्टीचा विसर पडू नये. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरील दुकाने, कारखाने, घरे, कशाचीच गय झाली नाही. ध्वनिसंग्रहाची दुसरी प्रत वरच्या मजल्यावर, आणि तिसरी नातलगाकडे धुळ्याला किंवा जळगावला असावी, ही सूचना कोणत्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात छापलेली नसते.

डांगात पावरीचा एक स्वर मुद्रित करणाऱ्याने यंत्र बंद करण्यापूर्वी वाजविणाऱ्याची संमती घेऊन आणखी अर्धा मिनिट ते चालू ठेवावे. वाद्याचे नाव, वाजविणाऱ्याचे नाव, गाव, तालुका, महिना, आणि हा सूर लग्नातला की होळीच्या नाचातला, हे त्यालाच आपल्या तोंडाने सांगू द्यावे, कोकणीत, अहिराणीत, वा त्याला जी बोली येत असेल तीत. मग त्या फाइलीचे नाव ठेवताना ‘पावरी’ हा शब्द पहिला लिहावा.